सात पाण्यांनी धुतलेलं चित्र

खैरुद्दीन मामूंच्या खोलीत पाय ठेवायचा तर आधी जागा शोधावी लागे. सगळीकडे दुसऱ्यांच्या पेट्या. कुणी रजेवर बाणकोटला गेलेला, कुणी कामाच्या शोधात कुवेतला, कुणी नुसताच चोरांना भिणारा. ज्याला त्याला आपली चीजवस्तू मामूंकडेच ठेवायची असे. तेल निघायच्या आधीच्या त्या दुबईतही बँक होती, पण बँकेत काय कुणी लोणच्याची बरणी ठेवतं? मामू पेट्यांखाली विटा घालत, वाळवी बघत, आणि मालक परत आला की त्याच्यादेखत धूळ पुसून पेटी हवाली करत. "अमानत आहे, पोरी," ते मला म्हणत. "कयामतच्या दिवशी नमाजच्या मागोमाग हिचाच सवाल होणार."

मुनीर माझा नवरा, आणि मामू त्याच्या आईचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन दुबईच्या देरा भागात राहायला आले तेव्हा तिथे आमच्या कोकणी बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकी सगळे पुरुष, आणि पुरुषांचा स्वयंपाक. मामू एके काळी जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांना रांधून घालणारे. मग खाडीपलीकडे, बर दुबईत, टॉम हॅलम नावाच्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या घरी खानसामा झाले. दर शुक्रवारी ते अबऱ्यातून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी ओलांडून आमच्याकडे जेवायला येत आणि माझ्या कालवणात काय कमी आहे ते सांगून जात. मी रागावे. पुढच्या शुक्रवारी ते म्हणतील तेवढी कोकमं टाके.

हॅलम साहेब अचानक गेले. जेवणाच्या टेबलावर हात छातीला लावला आणि खलास. शारजाच्या वाटेवर वाळूत भिंत घालून गोऱ्या लोकांचं छोटंसं कब्रस्तान केलं होतं, तिथे त्यांना पुरलं. मागे राहिली मेमसाब. मूलबाळ नाही, नातेवाईक म्हणजे विलायतेत एक चुलत बहीण, आणि साहेबांनी मागे ठेवलं काय, तर एक चित्र.

ते चित्र मी पुष्कळदा पाहिलं होतं. जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके आणि फराटे. जरा मागे सरकलं की त्या फराट्यांची पुळण होई, ओहोटीचं पाणी चकाकायला लागे, पांढऱ्या झग्यांतल्या बायका दिसत आणि एक पिवळी छत्री. बायकांना तोंडं काढलेलीच नव्हती. मी मामूंना म्हटलं होतं, बरं झालं, तोंड नाही म्हणजे उलट बोलणार नाहीत. साहेबांनी ते बसऱ्याला कुणा गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाकडून घेतलं होतं. मेमसाबला ते नेहमी सांगत, "कोपऱ्यात चितारणाऱ्याचं नाव आहे. कुणा जाणकाराला दाखवू. तुझ्या म्हातारपणाची सोय आहे ही." कोपऱ्यात खरंच तांबड्या रंगात काहीतरी गिचमीड होती. वरच्या काजळीत ती धड वाचता येत नसे, आणि मेमसाबच्या डोळ्यांत तर मोतीबिंदू उतरलेला.

साहेब गेल्यावर कंपनीनं बंगला परत मागितला. मेमसाबनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, सामान तिथे टाकलं आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती मुंबईला निघाली. जाताना चित्र मात्र तिनं स्वतः उचलून मामूंच्या खोलीत आणून ठेवलं. पेट्यांची ती रांग तिनं पाहिली आणि म्हणाली, "खैरुद्दीन, इधर सब लोग का चीज़ सेफ है. मेरा भी रखो." मामूंनी छातीवर हात ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मला हे लिहायची गरजच नव्हती.

मामूंच्या खोलीत हारुन म्हणून हर्णैचा एक रंगारी राहायचा. लाँचींना रंग देण्याचं काम, आणि तोंडाला झाकण नाही. एका दुपारी चित्राकडे बघत तो म्हणाला, "मामू, हे तेलाच्या रंगाचं काम. याला ब्रश लागतो तो डुकराच्या केसांचा. मी म्हणून घोड्याचा वापरतो." आणि तो पाणी पिऊन कामाला निघून गेला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मामूंची झोप उडाली. चित्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, नमाजच्या वेळी समोर तसबीर नको म्हणून. तेवढं पुरेसं होतं. पण आता डुक्कर निघालं. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, की कोरडं कोरड्याला लागलं तर काही बिघडत नाही. पण ऑगस्ट लागला. तिथल्या दमट हवेला अरब रुतूबा म्हणतात. ती आली की भिंती घामेजतात, कपडे वाळत नाहीत, माणूस आपल्याच अंगाला कंटाळतो. एका पहाटे मामू मुसल्ल्यावर, नमाजच्या चटईवर, उभे राहिले, तर चित्राच्या चौकटीवरून पाण्याचा ओघळ उतरून मुसल्ल्याचं टोक भिजलेलं.

आता आम्ही कोकणी मुसलमान पडलो शाफई पंथाचे. कुत्रा किंवा डुक्कर ओलेपणी लागलं तर आमच्यात ती वस्तू सात पाण्यांनी धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. शेजारचा पठाण दुसऱ्या पंथाचा, तो म्हणाला, तीन पाणी बस. मामू म्हणाले, तुझं तुझ्यापाशी. मशिदीत जाऊन पेशइमामांना एक शब्द विचारायचा, तर तेवढाही धीर धरवला नाही. गाढवावरून डब्यांतून विकत येणारं गोडं पाणी, जे आम्ही भांडं विसळतानाही जपून वापरायचो, ते त्यांनी त्या चित्रावर ओतलं. मुसल्ला धुतला, चौकट धुतली, चित्र धुतलं. मातीच्या पाण्याला खाडीकाठची बारीक वाळू घेतली आणि तळहातानं गोल गोल चोळली. जहाजावर कढया घासलेला हात तो.

चित्र उजळलं. बसऱ्यापासूनची काजळी निघून गेली आणि पुळणीवर जणू आत्ताच ऊन पडलं. मामू खूष झाले. मग त्यांना खालचा कोपरा दिसला. तिथे तांबडं काही उरलं नव्हतं. पायाशी वाहून गेलेलं पाणी किंचित गुलाबी दिसत होतं, आणि ते जमिनीत जिरेपर्यंत मामू तिथे उकिडवे बसून राहिले.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की मेमसाब मुंबईहून जाड चष्मा लावून परतली, चित्र बघून तिनं टाळी वाजवली आणि मामूंना म्हणाली, "कितना साफ रखा!" मामू हसले नाहीत. मला वाटलं, माणसाला कौतुकही धड घेता येत नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बैरूतचा एक जाणकार दुबईत आला. खूरी त्याचं नाव. कुणा व्यापाऱ्याचे गालिचे पारखायला आला होता. मेमसाबनं चिठ्ठी पाठवून त्याला चहाला बोलावलं, आणि मामूंनी समोसे तळायला मला बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्यामुळे झालं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

खूरीनं चित्र भिंतीवरून उतरवून खिडकीपाशी नेलं. आधी पाठ बघितली, मग कापडाची वीण, मग चौकटीचे खिळे. मला मजा वाटली. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेसुद्धा इतकं तपासत नाहीत. मग भिंग काढून तो एकेका फराट्यावरून फिरला. इंग्रजीत बोलत होता, पण सावकाश, त्यामुळे मलाही बरंचसं कळलं. म्हणाला, पद्धत फ्रेंच आहे. घरात बसून काढलेलं नाही, या माणसानं उघड्यावर, ऊन बदलायच्या आत हात चालवलाय. साठ-सत्तर वर्षांचं असेल. हात चांगला आहे. कुणा मोठ्या माणसाचाही असेल, कुणा मोठ्या माणसाच्या शिष्याचाही असेल. त्या काळात अशा पुळणी शेकड्यांनी काढल्या गेल्या.

"नाव?" मेमसाबनं विचारलं.

"नाव नाहीये, मॅडम."

"आहे. खाली, उजव्या कोपऱ्यात. लाल."

खूरीनं पुन्हा भिंग धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाला, इथे काही नाही. मात्र चित्र कुणीतरी फार जोरात साफ केलंय, इथे आणि छत्रीच्या कडेला रंगाचा वरचा थर गेलाय. कुणी केलं?

"कुणीच नाही," मेमसाब म्हणाली. "हे अगदी विश्वासू हातांत होतं."

ते हात त्या क्षणी चहाचा ट्रे धरून तिच्या मागेच उभे होते. चहा न देताच ते माघारी वळायला लागले. मी पुढे होऊन ट्रे घेतला, मला वाटलं मामूंना ताप आलाय. मेमसाब वळली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "खैरुद्दीन, तुम इतना साल घर में था. नाम था ना? लाल? तुम देखा था?"

मामूंनी जमिनीकडे बघितलं. "ध्यान नहीं, मेमसाब."

खूरी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, नावाशिवाय मी हे कुणाचं आहे ते सांगू शकत नाही, आणि कुणाचं ते सांगता येत नाही तोवर हे फक्त भिंतीवर लावायचं सुंदर चित्र. मेमसाबनं हट्टानं पुन्हा म्हटलं, माझे यजमान सांगत होते. त्यावर तो हसून म्हणाला, "नवरे बायकांना पुष्कळ काही सांगतात, मॅडम." त्याला वाटलं विनोद केला. मेमसाबही हसली, आणि तिनं त्याला आणखी एक समोसा वाढला.

परतताना मामू मला पोचवायला अबऱ्यात बसले आणि खाडीच्या मधोमध त्यांनी सगळं सांगितलं. डुकराचा केस, ओघळ, वाळू, गुलाबी पाणी, सगळं. "जैनब, मी अमानतीत खयानत केली. आणि वर खोटं बोललो."

मी म्हटलं, "मामू, आत्ताच्या आत्ता होडी फिरवायला लावा आणि जाऊन सांगा." त्यांनी मान हलवली, पण होडी फिरवायला लावली नाही. घरी मुनीरला कळलं तर तो उडालाच. "मामू, डोकं ठिकाणावर आहे? ती ब्रिटिश आहे. त्यांच्या सरकारी एजन्सीत कम्प्लेंट गेली तर इथे राहायचं नो-ऑब्जेक्शन कॅन्सल, आणि तुम्ही नेक्स्ट बोटीनं बाणकोट. हव्वाबी मामी काय खाणार तिकडे? नाव गेलं ते गेलं, सांगून परत येणार आहे का?" मुनीर शिपिंग ऑफिसात क्लार्क होता. त्याला सगळं जग क्लिअर झालेल्या आणि अडकलेल्या मालात विभागलेलं दिसे. मी तव्यावर राग काढला.

मामूंनी मग पेशइमामांना विचारलं. तेव्हा नाही, आता विचारलं. इमाम म्हणाले, "ब्रश डुकराचाच होता, हे तू पाहिलंस? नाही ना? मग नुसत्या शंकेनं वस्तू नापाक होत नाही. धुवायचं कारणच नव्हतं."

त्या हिवाळ्यात त्यांनी एकेकाला बोलावून पेट्या परत केल्या. लोक विचारत, "का हो, गावाला निघालात?" ते म्हणत, "जागा नाही." खोली मोकळी होत गेली तसे मामू वाळत गेले.

मेमसाबचंही काही खरं नव्हतं. पूर्वी दर शुक्रवारी सकाळी कुणाची तरी लँडरोव्हर मागून ती साहेबांच्या कबरीवर जायची, मामूंना बरोबर न्यायची. खूरी येऊन गेल्यावर ती जायची थांबली. पहिल्या शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणाली, पुढच्या शुक्रवारी वाळू उडतेय म्हणाली, आणि मग काही म्हणालीच नाही. साहेबांचे कोट तिनं बाजारात देऊन टाकले. टेबलावरचा त्यांचा फोटो एक दिवस तिथे नव्हता. मामूंना वाटलं, चित्राचा आधार गेला म्हणून बाई खचली. "तिच्या म्हातारपणाची भाकरी मी धुऊन टाकली," ते म्हणत. मलाही तसंच वाटलं. आम्ही गरीब घरांतली माणसं, दुःख म्हटलं की आधी भाकरीच आठवते.

शेवटी विलायतेतल्या चुलत बहिणीनं बोलावून घेतलं. मुंबईच्या बोटीनं जायचं, तिथून पुढे विलायतेच्या बोटीनं. आवराआवर सुरू झाली आणि एका संध्याकाळी मेमसाबनं ते चित्र चादरीत गुंडाळून मामूंच्या हातात दिलं. "तुमने संभाला. तुम रखो."

मामू ते घेऊन तडक आमच्याकडे आले. दारातच उभे. आत येईनात, चित्र खाली ठेवीनात. मुनीर म्हणाला, "बघा, प्रॉब्लेम सॉल्व्ह. बाईंनी खुशीनं दिलं." मामूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा माझा नवरा वाद अर्धा सोडून आत निघून गेला.

बोट बाहेर समुद्रात नांगरून असायची आणि उतारू खाडीतून लाँचनं जायचे. निघायच्या सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. मेमसाब आपल्या ट्रंकेवर बसली होती, डोक्यावर गवती हॅट, चेहरा कोरडा. मामूंनी चादरीतलं चित्र तिच्यापुढे धरलं.

"यह क्या? मैंने तुमको दिया."

"नाम था, मेमसाब," मामू म्हणाले. "लाल. मैंने देखा था. मैंने धोया, सात बार, रेती से. मेरे हाथ से गया. उस दिन मैं झूठ बोला." एवढं बोलून ते हात बांधून उभे राहिले. एजन्सी, नोकरी, बाणकोट, जे काय व्हायचं ते आता होऊ दे, असं त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

मेमसाबनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "नाम था?"

"अल्ला कसम, था."

"पक्का? टॉम ने झूठ नहीं बोला?"

"साहब कभी झूठ नहीं बोला."

तिनं चष्मा काढला. मला वाटलं, आता बरसणार. ती रडायला लागली, पण ते रडणं नुकसानीचं नव्हतं. हसत होती, रडत होती, चादरीसकट चित्र छातीशी धरून पुढेमागे होत होती. हमाल बघत राहिले. मग हळूहळू तिनं सांगितलं. इंग्रजीत, हिंदीत, जसं सुचेल तसं. त्या बैरूतवाल्यानं नवऱ्यांबद्दलचा तो विनोद केल्यापासून तिच्या मनानं घेतलं होतं, की टॉमनं आपल्याला फसवलं. मागे काही ठेवायला जमलं नाही म्हणून एक बाजारू चित्र आणलं, नावाची गोष्ट रचली आणि वर्षानुवर्षं आपल्याला खुळ्यात काढलं. आणि मग तिला वाटायला लागलं, की हे खोटं तर आणखी काय काय खोटं असेल? चित्राचे पैसे तिनं कधीच सोडून दिले होते. ती नवऱ्यावर रुसली होती. मेलेल्या माणसावर. सगळा हिवाळा.

मामूंचा चेहरा तेव्हा पडला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. इतके महिने ते धुतलेल्या नावासाठी झुरत होते. त्यांच्या तोंडातून गेलेले ते दोन शब्द, 'ध्यान नहीं', ते त्यांनी गुन्ह्यात दुय्यम धरले होते. आणि खरा घाव तर तिथे बसला होता. धुतलं ते अजाणता. लपवलं ते मात्र रोज सकाळी तिला चहा देताना, जाणूनबुजून.

"धोया क्यों?" तिनं विचारलं. मामूंनी खाली मान घालून सांगितलं, डुक्कर, ओल, नमाज. तिनं शांतपणे ऐकलं.

"अब पाक है?"

"पाक ही था, मेमसाब. मैं समझा नहीं."

लाँचवाला घाई करत ओरडला, "यल्ला, यल्ला!" ट्रंका चढल्या. मेमसाब उठली. चित्र तिनं कुणाच्या हातात दिलं नाही, स्वतःच काखेत घेतलं. फळीवर एक पाय ठेवला आणि ती थांबली. शारजाच्या दिशेला बघितलं. तिकडे काही दिसत नव्हतं, नुसती वाळू आणि वर पांढरं ऊन.

"मैं उसकी कबर पर नहीं गई, खैरुद्दीन. इतना टाइम. अब तो बोट जाता है." आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "तुम जाना. उसको बोलना."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मामूंनी माफी मागितलीही नाही. लाँच खाडीच्या वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते, आणि मी त्यांच्या बाहीला धरून त्यांना घरी आणलं.

मामूंना पुढे दुसऱ्या एका घरी काम मिळालं. आमच्याकडचं शुक्रवारचं जेवण मात्र उशिरा व्हायला लागलं, कारण जुम्याची नमाज झाली की ते शारजाकडे जाणाऱ्या एखाद्या ट्रकला हात करत. एकदा मी हट्टानं बरोबर गेले. ऊन असं, की चपलेतून पाय भाजत होते. मामूंनी कबरीवरची वाळू हातानं सारली, कडेचे दगड सरळ केले, टोपी नीट केली. ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे फातिहा नाही, काही नाही. मालकासमोर हिशेब द्यायला उभं राहावं तसे ते उभे राहिले.

"साहब," ते म्हणाले, "नाम था. मेमसाब को बोल दिया."

मग तितक्याच स्पष्ट आवाजात, "देर से बोला."

मी म्हटलं, "मामू, चला आता, एकदा सांगितलंत ना." ते म्हणाले, "एकदा सांगून कसं होईल, पोरी? ती किती शुक्रवार आली नाही." आणि परत येताना ट्रकमध्ये त्यांनी मला विचारलं, की आज कालवणात कोकम टाकलंय का.